‘श्यामची आई’ : आधी पुस्तक की आधी अत्र्यांचा सिनेमा?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : मुलगी साडेआठ वर्षांची आहे, बंगळूरमध्ये वाढते आहे. घरात मराठी छान बोलते, पण वाचताना अडखळते. सासूबाई म्हणतात, ‘श्यामची आई’ आधी पुस्तकातच भेटली पाहिजे, सिनेमा मागाहून. नवरा म्हणतो, एवढं पुस्तक ती कधी वाचणार? १९५३ चा अत्र्यांचा सिनेमाच दाखवू. आणि तुम्ही अलीकडे पुस्तक पुन्हा चाळलंत तर तुम्हालाच धास्ती वाटली, की यात रडणं फार आहे, आई मारते, मुलीला हे जुनाट वाटेल. दोन्हींत सरस कोणतं आणि सिनेमा पुस्तकाशी इमान राखतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी शाळेत मराठी शिकवते आणि वाचनालयात मुलांना मोठ्याने वाचून दाखवते. हे पुस्तक मुलांपुढे बरीच वर्षं वाचत आले आहे आणि सिनेमाही त्यांच्याबरोबर बसून पुन्हापुन्हा पाहिलाय. त्यावरून सांगते, सरस-नीरस ठरवण्यात वेळ घालवू नका. तुमची खरी अडचण वेगळी आहे. मुलीला ही गोष्ट ओझं न वाटता कशी भेटेल, हे तुम्हाला हवंय. त्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते : पुस्तकात ही कहाणी कोण सांगतंय आणि सिनेमात ती कोणावर घडते आहे. दोन्हींतला मुख्य फरक तिथे आहे. बाकीचे फरक त्यातूनच आलेत.

पुस्तक उघडलं की लहान श्याम लगेच भेटत नाही. भेटतो तो मोठा झालेला श्याम. आश्रमात राहणारा, आई कधीच गेलेली. रात्रीची प्रार्थना झाली की सोबती भोवती बसतात आणि तो एकेक आठवण सांगतो. म्हणून प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं आहेत. अशा बेचाळीस रात्री आहेत. मध्येच एखादा सोबती काही विचारतो, एखाद्या रात्री श्यामचा कंठ दाटून येतो, कधी तो विषय सोडून झाडापानांबद्दल किंवा देवाबद्दल बोलत राहतो. साने गुरुजींनी हे लिहायला घेतलं ते फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. त्यांची आई १९१७ साली वारली होती. म्हणजे लिहिणारा माणूस तिशी ओलांडलेला, सत्याग्रही, तुरुंगात बसलेला, आणि कोकणातल्या पालगडचं घर त्याच्यासाठी कायमचं मागे पडलेलं. पुस्तक १९३५ साली छापून आलं.

आता तुम्हाला खटकलेलं रडणं यातून समजून घ्या. त्यातलं बरंचसं लहान श्यामचं नाहीच, ते मोठ्या श्यामचं आहे. आईने अमुक केलं तेव्हा मला कळलं नाही, आज कळतं, ही त्या पुस्तकाची मूळ चाल आहे. हे पश्चात्तापाचं, ऋण मान्य करण्याचं लेखन आहे. आठ वर्षांच्या मुलीला पश्चात्ताप करण्याजोगं अजून काही घडलेलंच नसतं. तिला तो सूर परका वाटला तर त्यात तिचा दोष नाही आणि पुस्तकाचाही नाही. चाळिशीतल्या आईबापांना हेच पुस्तक गदगदून रडवतं, कारण तो सूर त्यांच्या वयाचा आहे. तुम्हाला पुन्हा वाचताना जे जड वाटलं, ते बहुधा यामुळेच.

सिनेमात गणित उलटं होतं. पडद्यावर आपल्यासमोर असतो तो लहान श्याम : माधव वझे, खराखुरा मुलगा, हट्टी, लाजरा, घाबरट. प्रसंग आठवले जात नाहीत, डोळ्यांदेखत घडतात. म्हणून आठ वर्षांचं मूल सिनेमात पटकन शिरतं. त्याला आपल्या वयाचं कोणीतरी सापडतं. आणि म्हणूनच सिनेमा इमान राखतो का या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. प्रसंगांशी आणि आईच्या स्वभावाशी तो इमान राखतो. सांगणाऱ्याच्या त्या रात्रीच्या आवाजाशी तो तसं इमान राखूच शकत नाही, कारण कॅमेऱ्यापुढे मूल उभं केलं की वर्तमानकाळ सुरू होतो.

यात अत्र्यांचा स्वभावही धरा. साने गुरुजी आणि आचार्य अत्रे ही दोन माणसं एकमेकांपासून किती लांबची! एक अतिशय मृदू, स्वतःला सतत तपासणारा. दुसरा सभा गाजवणारा, विडंबनकार, नाटककार. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या माणसाने ‘श्यामची आई’ला हात घातला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. पण अत्रे हाडाचे शिक्षकही होते. पुण्यात त्यांनी शाळा चालवली होती, मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ केली होती. वर्गातली मुलं कशी बसतात, कुठे कंटाळतात, कशाने हसतात, हे त्यांना ठाऊक होतं. सिनेमात जो खोडकरपणा आहे, शाळेतला गोंगाट आहे, तो या शिक्षकाने आणलेला आहे. पुस्तकात हसू फार थोडं. सिनेमात ते पुरेसं आहे, आणि लहान मुलांना पुढच्या दुःखासाठी त्याची गरज असते.

गुरुजी जून १९५० मध्ये गेले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी हा सिनेमा आला. ज्यांनी तो तेव्हा पाहिला, त्यांनी नुकत्याच गमावलेल्या माणसाचं बालपण पडद्यावर पाहिलं. तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, १९५३ सालच्या सिनेमांमधलं, याच मराठी सिनेमाला मिळालं. हे मुलीला जरूर सांगा, पण सिनेमा संपल्यावर. आधी सांगितलंत तर ती पदक मिळालेला सिनेमा म्हणून शिस्तीत बघेल आणि तिला खरोखर काय वाटलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

दोन्हींची तुलना करायला मी नेहमी एकच प्रसंग घेते, पोहण्याचा. पुस्तकात ती बारावी रात्र. कोकणातला पावसाळा, विहिरी काठोकाठ भरलेल्या, गावातली मुलं उड्या मारताहेत. श्यामला पाण्याची भीती. तो घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारत बाहेर घालवते, आणि शेवटी तो पाण्यात पडतो. सगळ्यांना आठवतं ते एवढंच. पण पुस्तकातला तो प्रसंग इथे संपत नाही. नंतर आई सांगते की तुला आवडतं म्हणून दही ठेवलंय. श्याम रुसलेला असतो. सकाळी मारलंस आणि आता दही देतेस, म्हणून तो अंगावरचे वळ दाखवतो. आई जेवत असते. तिला घास गिळवत नाही. ती तशीच उठते, हात धुते, तेल आणून त्या वळांना लावते. आणि मग त्याला विचारते की लोकांनी तुला भित्रा म्हटलेलं तुला चालेल का?

मुलांपुढे हे वाचताना मी दह्यापाशी थांबते. ‘तुम्ही दही खाल्लं असतं का?’ असं विचारते. वर्गाचे लगेच दोन तट पडतात. निम्मी मुलं म्हणतात, मुळीच नाही. एकदा एका मुलाने विचारलं, ‘बाई, आईने आधीच दही ठेवलं होतं म्हणजे तिला मारतानाच माहीत होतं का, की नंतर वाईट वाटणार आहे?’ हा प्रश्न मोठ्या समीक्षकाला सुचला तरी त्याने पाठ थोपटून घ्यावी.

सिनेमात हाच प्रसंग पाहा. तिथे शिंपटीला आवाज आहे. आईचा चेहरा रागाने ताठलेला दिसतो. पोराची धावपळ, किंचाळणं, पाणी, सगळं खरं. वाचताना जो मार एका वाक्यात उरकतो तो बघताना लांबतो आणि लागतो. हळव्या मुलांना हा प्रसंग झोंबतो, हे मी पाहिलंय. म्हणून माझा आग्रह असतो की ही बारावी रात्र सिनेमाच्या आधी वाचून झालेली असावी. दही आणि तेल माहीत असलेलं मूल तो मार वेगळ्या डोळ्यांनी बघतं. त्याला माहीत असतं की या आईचा दिवस अजून संपलेला नाही.

मारण्याबद्दल आणखी एक. याच सिनेमात ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ हे गाणं आहे. अत्र्यांचे शब्द, वसंत देसाईंचं संगीत. आज मराठी घरांत हे गाणं बडबडगीतासारखं म्हटलं जातं, पण ते आहे जुन्या शाळेतल्या छडीची टर उडवणारं. म्हणजे बघा, एकाच सिनेमात मास्तरांच्या छडीला पोरं हसतात आणि आईची शिंपटी मात्र आपण गंभीरपणे घ्यावी अशी अपेक्षा आहे. चाणाक्ष मुलाच्या हे ध्यानात येतं. तुमच्या मुलीने विचारलं, ‘तिकडे हसायचं आणि इकडे का नाही?’ तर तिला गप्प करू नका. मी स्वतः मुलांना सरळ सांगते : आईने मारलं ते मला पटत नाही. भीती घालवायचे दुसरे मार्ग असतात. पण ती का मारत होती आणि मारून झाल्यावर तिचं काय झालं, हे मला समजतं. मुलांना ही दोन वाक्यं एकत्र पेलतात. मोठ्यांनाच कधीकधी पेलत नाहीत.

सिनेमाने जे दिलं ते पुस्तकाला देता आलं नसतं, असंही काही आहे. पहिलं म्हणजे आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई. १९४१ च्या ‘सिकंदर’मधली रुखसाना ती हीच. तो राजेशाही थाट सोडून त्या इथे साध्या लुगड्यात, चुलीपाशी, आजारात दिसतात. त्यांचा चेहरा इतका ठसला की कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांसमोर श्यामची आई म्हटलं की तोच येतो. हे वरदान आहे आणि अडचणही. पुस्तक आधी वाचलेल्या मुलाच्या मनात आईचा चेहरा बहुधा त्याच्या स्वतःच्या घरातला असतो, आजीचा किंवा मावशीचा. सिनेमा आधी पाहिला की ती जागा भरून जाते. दुसरं म्हणजे गाणी. ‘भरजरी गं पितांबर दिला फाडून’ हे आशाबाईंचं गाणं द्रौपदी आणि कृष्णाची गोष्ट सांगतं. पुस्तक भावा-बहिणीच्या प्रेमावर पानंच्या पानं खर्च करतं, गाणं तेच काही कडव्यांत मुलाच्या तोंडी बसवतं. तिसरं म्हणजे पाणी, अंगण, चूल, कपडे. बंगळूरच्या मुलीला ‘पडवी’ किंवा ‘माजघर’ म्हणजे काय हे समजावत बसण्यापेक्षा ते दिसलेलं बरं.

पण काही गोष्टी पुस्तकानेच कराव्यात. अठरावी रात्र घ्या, ‘अळणी भाजी’. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील पहिल्याच घासाला ओळखतात, पण बोलत नाहीत, उलट भाजी छान झाली म्हणतात. ते बोलले नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. सगळे निमूटपणे जेवून उठतात. मग आई जेवायला बसते आणि तिला कळतं. तिला हळहळ वाटते ती सगळ्यांना अळणी खायला घातल्याची. पुस्तक म्हणतं, थोर कोण? तिच्या मनाला लागू नये म्हणून गप्प राहिलेले वडील, की विसरल्याबद्दल जिवाला लावून घेणारी आई?

यात घडत तर काहीच नाही. चव पडद्यावर दिसत नाही, आणि गप्प राहणं हीच इथली घटना आहे. ती शब्दांतच खुलते, कारण शब्द तुम्हाला आधी वडिलांच्या मनात नेतात आणि मग आईच्या. माझ्या अनुभवात साडेआठ वर्षांच्या मुलांसाठी अख्ख्या पुस्तकातली ही सर्वांत हमखास रात्र. आई पहिला घास उचलते तिथे मी क्षणभर थांबते, आणि मुलंच ओरडतात, ‘मीठ!’

दुसरी गोष्ट म्हणजे कर्ज. पुस्तकाचा उत्तरार्ध कर्जाने व्यापलेला आहे. बत्तिसाव्या रात्रीचं नावच ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. सावकाराच्या माणसाची बोलणी, घराची जप्ती, गावात झालेली नाचक्की, दुसऱ्यांच्या घरी कामं करणारी आजारी आई, हे एकामागून एक इतक्या रात्री चालतं की वाचणारा थकतो. त्या थकण्यालाही अर्थ आहे. दारिद्र्य हा एक प्रसंग नसतो, ते रोज उठून पुन्हा असतं. अडीच तासांच्या आसपासच्या सिनेमात हे सुचवता येतं, पण सोसायला लावता येत नाही. आणि मला वाटतं लहान मुलीच्या बाबतीत ते बरंच आहे. सिनेमातलं कर्ज तिला पुरे. पुस्तकातलं कर्ज तिने अकरा-बारा वर्षांची झाल्यावर वाचावं.

तिसरी गोष्ट जातीची. पंचविसाव्या रात्री, ‘देवाला सारी प्रिय’मध्ये, आई श्यामला एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर लाकडांची मोळी चढवून द्यायला सांगते. वर घरी येऊन आंघोळ कर असंही सांगते. त्या काळच्या ब्राह्मण घरातली आई माणुसकीपर्यंत येते, पण विटाळाची रीत तिच्याकडून पुरती सुटत नाही. ही रात्र वगळू नका, आणि ‘आई किती थोर’ एवढंच म्हणून पुढेही जाऊ नका. मुलीला विचारा, आंघोळ का करायची? पुढे याच श्यामने, म्हणजे साने गुरुजींनी, १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं, हे तिला सांगा. आई जिथे थांबली तिथून मुलगा पुढे गेला.

आता तुमच्या घरापुरतं बोलू. मी काही क्रम सुचवेन, पण तो मुलगी कशी आहे त्यावर बदलेल. ती हळवी असेल, घरात नुकतंच कोणाचं आजारपण किंवा मृत्यू झाला असेल, तर सिनेमा वर्षभर लांबवा. आईचा मृत्यू ही या कहाणीची अटळ दिशा आहे, त्याला वळसा घालता येत नाही. ती धीट असेल पण एका जागी बसत नसेल, तर काळ्या-पांढऱ्या सिनेमाची संथ लय तिला जड जाईल. मग दोन-तीन बैठकांत दाखवा, आणि आवाज स्वच्छ असलेली प्रत मिळवा. सत्तर वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण, त्यात नाटकी ढंगाची मराठी. खराब प्रतीत मुलांना अर्धं कळत नाही आणि ती कंटाळली असं आपण समजतो.

एरवी सासूबाई आणि नवरा, दोघांचंही थोडंथोडं ऐका. पुस्तक आधी, पण तिने वाचायचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं. आणि सगळं नाही. ते मुळात रात्री मोठ्याने सांगितलेल्या गोष्टींचं पुस्तक आहे, एकेक रात्र सुटी वाचली तर काही बिघडत नाही. ‘पत्रावळ’पासून सुरू करा. त्यात श्यामला पत्रावळ लावता येत नाही आणि त्यापायी जेवण अडतं, हा पेच मुलांना फार आवडतो. मग ‘अळणी भाजी’, मग ‘मुकी फुले’, मग ‘श्यामचे पोहणे’. पहिलीच रात्र, ‘सावित्री-व्रत’, आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालायला श्याम लाजतो ती, सुंदर आहे. पण वटपौर्णिमा म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागते, म्हणून ती थोडी मागे ठेवा. या चार रात्री झाल्या की सिनेमा. सिनेमानंतर तिला जे जास्त आवडलं असेल त्याच्या आसपासची आणखी एखादी रात्र. धाकटा भाऊ असेल तर ‘तू वयाने मोठा नाहीस... मनाने’ ही रात्र नक्की : श्याम पैसे साठवून भावाला कोट शिवतो आणि भर पावसात तो घेऊन घरी येतो. बाकीचं पुस्तक कपाटात तिच्या हाताला येईल असं ठेवा आणि आठवणही करू नका.

२०२३ साली सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर नवा सिनेमा केला, तोही काळा-पांढरा. त्यात मोठे साने गुरुजीही पडद्यावर येतात, म्हणजे सांगणारा माणूस परत आलाय. तुमच्यासाठी तो बघण्यासारखा आहे. तिच्यासाठी नंतर कधीतरी.

आणि वाचून दाखवायचं काम शक्य असेल तर सासूबाईंवर सोपवा. त्या गावी असतील तर फोनवरून, आठवड्यातून एक रात्र. त्यांना हे पुस्तक आधी हवंय ते उगाच नाही, त्यांच्या मनात त्यातल्या काही रात्री घर करून बसलेल्या असणार. कोणत्या, ते त्यांनाच विचारा, आणि माझ्या यादीत त्या नसतील तर माझी यादी बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करा.